मॉरिशस : आमचा पहिला परदेश

परदेशाहून परतलेल्या माणसाला आमच्या नागपुरात पहिला प्रश्न पडतो तो, "किती देश केले?" आम्ही उभयतांनी एकच केला, आणि तोही नकाशावर शोधायला भिंग घ्यावे लागेल एवढा. मॉरिशस हे नवविवाहितांचे बेट अशी त्याची ख्याती. लग्नाला अठरा वर्षे झालेल्या जोडप्याने तिथे जावे, याची आमच्या स्टाफरूममध्ये थोडी थट्टाही झाली. पण पहिल्या परदेशासाठी हे बेट मला फार सोयीचे वाटते. व्हिसा आधी काढावा लागत नाही, मुंबईहून विमान सुमारे सहा तासांत पोहोचते, आणि घड्याळ दीड तास मागे केले की झाले. मोटारी आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. नाणेही रुपयाच (आपल्याहून महाग, हे लक्षात ठेवावे), आणि नोटेवर देवनागरी अक्षरे पाहून सौ.ना जो धीर आला, तो विमा कंपनीच्या कागदांनी आला नव्हता.

आम्ही मे महिन्यात गेलो. नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला 21 अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेला 20 अंशांवर. पृथ्वीच्या मध्यावर घडी घातली, तर ही दोन ठिकाणे जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर यावीत. म्हणून आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. इकडे कूलरचे पाणी दिवसातून दोनदा भरत होतो, आणि तिथे क्युरपीप या उंचावरच्या गावी रिमझिम पावसात स्वेटर घालून फिरलो. दुपारचा सूर्य उत्तरेला दिसतो, सावली दक्षिणेला पडते. दिशा ओळखायची आपली सवय पहिले दोन दिवस सारखी फसते. रात्री त्रिशंकू चांगला वर आलेला दिसला, पण ध्रुव काही दिसेना. दिसणारच नाही, तो तिथे क्षितिजाखालीच असतो. "लग्नात भटजींनी ज्याची साक्ष काढली, तोच इथं नाही म्हणायचा!" असे सौ. म्हणाल्या. माझ्याजवळ त्यावर भूगोलाचे उत्तर होते, पण ते मी दिले नाही.

बेट पाहताना पायाखालीही पाहावे. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. हे दगड ज्वालामुखीचे. भूशास्त्रज्ञांचे मत असे, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण ज्या पाताळातल्या उष्ण स्रोतातून वर आला, त्याच स्रोताने पुढे मॉरिशस व शेजारचे रियुनियन ही बेटे घडवली. स्रोत जागच्या जागी, वरचा भूभाग मात्र सरकत गेला. म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा दगड आणि तो दगड एका कुळातले! शेत मोकळे करण्यासाठी ते उचलून रचले, ते हात प्रथम गुलामांचे होते, आणि नंतर हिंदी मजुरांचे.

1835 साली या बेटावर गुलामगिरी रद्द झाली. ऊस तर हवाच होता. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अॅटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर आले, आणि त्यानंतर सुमारे 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे करारावर आणली गेली. पोर्ट लुईच्या बंदरात ती जिथे उतरली तो 'आप्रवासी घाट' 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. पाहायला फारसे काही नाही: दगडी पायऱ्या, काही खोल्या, भिंतींचे अवशेष. आमच्यासोबतची मंडळी दहा मिनिटांत आटोपून बाजारात गेली. मला विचाराल तर समुद्रावरचा एक दिवस कमी करावा आणि इथे तासभर बसावे. चामारेलची सप्तरंगी माती, गंगा तलावाकाठचा 108 फुटी शंकर, हे सगळे सुरेख आहेच. पण त्याची छायाचित्रे घरबसल्याही मिळतात.

खाण्याचे एकच सांगतो. रस्त्यावर 'धोल पुरी' मिळते. दिसायला थेट पुरणपोळी, आत डाळीचेच सारण, पण गोड नाही. ती जोडीनेच देतात, आत वालाची भाजी आणि टोमॅटोची तिखट चटणी घालून.

मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत मराठी माणसे होती, विशेषतः कोकणातली. त्यांचे वंशज आज मराठी आडनावांनी नव्हे, तर आजोबा-पणजोबांच्या नावांनी ओळखले जातात. नोंदवहीत जे नाव लिहिले गेले, तेच पुढे आडनाव झाले. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीच्या नात्यातली 'झाकरी' ते नाचतात. शाळेत मराठी विषय घेता येतो. एप्रिल 2023 मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. घरची बोली मात्र क्रिओल. आमच्या टॅक्सीचे वृद्ध चालक अशाच घरातले निघाले. इंग्रजीत म्हणाले, "गाणी मला पाठ आहेत. अर्थ आजीबरोबर गेला."

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक. पुढे नाव, बापाचे नाव, वय, गाव. चालकांनी आपल्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल काढून आणली होती. जिल्हा रत्नागिरी, हे स्पष्ट होते. गावाचे नाव मात्र कारकुनाने कानांनी ऐकून रोमन लिपीत उतरवलेले, आणि तसे गाव त्यांना कुठल्याच नकाशावर सापडत नव्हते. मी ते डोळ्यांनी वाचत बसलो. सौ.चे माहेर चिपळूणचे; त्यांनी ते चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून पाहिले. कानांनी लिहिलेले कानांनीच शोधायला हवे, हे त्यांचे म्हणणे मला पटले. मधला 'ड' हा 'ळ' असावा, कारण रोमन लिपीत 'ळ' नाहीच; आणि शेवटचे अक्षर गिळलेले असावे.

परत आल्यावर त्यांनी चिपळूणच्या मामांना विचारले. तशा उच्चाराची दोन गावे निघाली, दोन वेगवेगळ्या तालुक्यांत. दोन्ही नावे आम्ही देवनागरीत व रोमनमध्ये लिहून मॉरिशसला कळवली. चालक आणि त्यांची पत्नी पुढच्या मे महिन्यात यायचे म्हणतात. तिकीट फक्त मुंबईचे काढणार, पुढचे गाव ठरल्यावर बघू म्हणतात. त्यांचाही हा पहिलाच परदेश. दरम्यान मामांचा गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला, की खाडीपलीकडे त्याच नावाची एक वाडीही आहे.