फी माफ झाली, इंटर्नशिपचं काय?

मैत्रिणींनो, इंजिनीअरिंगचा पहिला अडसर असायचा फीचा. २०२४-२५ पासून तो बराच कमी झालाय. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. त्याशिवाय एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे. निवड झाली तर वर्षाला ५० हजार, तेही एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

म्हणजे कॉलेजात पोचणं सोपं झालं. पण कॉलेजातून कंपनीत कसं पोचायचं? इंटर्नशिप म्हटलं की पुणे, आणि पुणे म्हटलं की घरून प्रश्न येतो, "एकटी राहणार कुठं?" कित्येकींची गाडी इथंच अडते.

कंपनीचं दार मुलींसाठी आपोआप उघडत नाही, हे जुनं दुखणं आहे. १९७४ मध्ये टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, मुलींनी अर्ज करू नये. बंगळूरमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं. मुलाखत झाली आणि पुण्याच्या कारखान्यात त्या रुजू झाल्या.

पण दरवेळी एकेकीनं किती पोस्टकार्डं लिहायची? कॉलेज आणि कंपनी एकत्र आल्या तर वाट सगळ्यांचीच होते. धोंडो केशव कर्वेंनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या संस्थेनं १९९१ मध्ये पुण्यात खास मुलींसाठी इंजिनीअरिंग कॉलेज काढलं. कमिन्स कंपनीनं साथ दिली, कॉलेजला तिचंच नाव मिळालं. कारखाना आणि मुलींचं कॉलेज यांची अशी सोयरीक जमू शकते, हे तिथं दिसलं.

आपल्या धाराशिवात तेरणा इंजिनीअरिंग आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, तुळजापूरला तुळजाभवानी इंजिनीअरिंग आहे. एमआयडीसीही आहे. कायदाही मदतीला आहे. ३० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना स्टायपेंडही द्यावा लागतो. मग त्यातल्या काही जागा जिल्ह्यातल्या मुलींना का मिळू नयेत? आणि पुण्यालाच जायचं असेल, तर राहण्याची सोय कंपनी आणि कॉलेजनं मिळून का करू नये?

म्हणून प्रवेश घेताना नुसती इमारत पाहू नका. प्लेसमेंटच्या सरांना तीन प्रश्न विचारा. कुठल्या कंपन्यांशी करार आहेत? गेल्या वर्षी त्यातून किती मुली इंटर्नशिपला गेल्या? त्यांची राहण्याची सोय कोणी केली? उत्तर गोलगोल आलं, तर मैत्रिणींना घेऊन पुन्हा जा आणि पुन्हा विचारा. चौघीजणी मिळून विचारलेला प्रश्न टाळणं अवघड जातं.