बक्षीस घटवले की नाण्याचा भाव वाढतो?

बक्षीस कसले?

बिटकॉइनचे व्यवहार कोणतीही बँक नोंदवत नाही. जगभरचे संगणक एक गणिती कोडे सोडवण्याच्या शर्यतीत असतात. जो जिंकतो तो व्यवहारांचा पुढचा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, नोंदवतो आणि मोबदल्यात त्याला नवी नाणी मिळतात. हेच मायनिंग. २००९ मध्ये एका ब्लॉकला ५० बिटकॉइन मिळत. दर २,१०,००० ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, आकडा निम्मा होतो: २०१२ मध्ये २५, २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५, आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. दिवसाला ९०० नवी नाणी येत होती, आता ४५० येतात.

साखरेच्या कोट्यासारखे, पण अर्धेच

बीडच्या ऊसपट्ट्याला हा हिशेब नवा नाही. साखरेचे दर पडले तेव्हा जून २०१८ मध्ये केंद्राने प्रत्येक कारखान्याला महिन्याचा विक्री कोटा ठरवून दिला आणि किमान विक्री दर किलोला २९ रुपये केला; फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ झाला. आवक आवरली की भाव सावरतो, हे तेलगावपासून अंबाजोगाईपर्यंत कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. पण साखरेला रोजच्या चहाचे गिऱ्हाईक आहे. नाणे घेणारा बहुतेकदा एवढ्याच भरवशावर घेतो, की उद्या कुणीतरी जास्त पैसे देईल. कोट्याने आवक थांबते, मागणी तयार होत नाही.

भावाने काय दाखवले?

नोव्हेंबर २०१२ मध्ये बक्षीस निम्मे झाले तेव्हा बिटकॉइन १२ डॉलरच्या आसपास होता. वर्षभरात तो हजारावर गेला, आणि जानेवारी २०१५ मध्ये २०० च्या घरात आला. पुढच्या कपातींनंतरही भाव चढले आणि कोसळले. चारच घटनांवरून नियम काढणे धाडसाचे आहे. शिवाय कपात कधी होणार हे वर्षानुवर्षे आधी माहीत असते, त्यामुळे बाजार तो हिशेब आधीच धरू शकतो.

इथेरियम या दुसऱ्या जाळ्याचे उदाहरण मला जास्त बोलके वाटते; त्याचे नाणे इथर. तिथे ऑक्टोबर २०१७ मध्ये बक्षीस ५ वरून ३ इथरवर आणले. जानेवारी २०१८ मध्ये १,४०० डॉलरपर्यंत गेलेला इथर त्याच डिसेंबरात शंभराखाली होता. पुरवठा कमी, आणि भाव त्याहून कमी!

उलटा फटका

मायनर वीजबिल भरून राबतो. बक्षीस घटले आणि भाव वाढला नाही, तर तो यंत्रे दुसऱ्या नाण्याकडे वळवतो. एप्रिल २०२० मध्ये बिटकॉइन कॅश या वेगळ्या नाण्याचे बक्षीस बिटकॉइनच्या महिनाभर आधी निम्मे झाले, तेव्हा अनेकांनी नेमके हेच केले. दोन्ही नाण्यांना यंत्रे तीच चालतात. राबणारे घटले की नाण्याची सुरक्षाही सैल पडते.

नांदेडपर्यंत पोचलेले प्रकरण

२०१५ मध्ये अमित भारद्वाजने 'गेनबिटकॉइन' ही गुंतवणूक योजना सुरू केली. मायनिंगच्या नावाखाली १८ महिने दरमहा १० टक्के परतावा, म्हणजे एका बिटकॉइनचे १.८, असे आश्वासन होते. जुलै २०१६ मध्ये खरे बक्षीस २५ वरून १२.५ वर आले. कमाई खरोखर मायनिंगची असती, तर त्या महिन्यानंतर १० टक्क्यांचा आकडा ढळायला हवा होता. सीबीआयच्या म्हणण्यानुसार आधी पैसे बिटकॉइनमध्ये मिळत, नवे गुंतवणूकदार आटले तसे २०१७ मध्ये ते घरच्याच 'एमकॅप' नाण्यात देणे सुरू झाले, ज्याचे मोल बिटकॉइनच्या मानाने फारच कमी होते. बिटकॉइनचा नियम कुणा एकाला बदलता येत नाही. इथे परतावा कशात द्यायचा हे योजना चालवणाराच ठरवत होता.

पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर ६० हून अधिक ठिकाणी छापे पडले. त्यात पुणे, कोल्हापूर आणि आपल्या मराठवाड्यातले नांदेडही होते.

घरी यंत्र लावायचे तर

परळीत वीज तयार होते म्हणून बीडकरांना ती स्वस्त मिळत नाही. महावितरणचे दर सगळीकडे सारखे. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. खरेदी किंमत वजा होते, पण मायनिंगच्या यंत्रांचा खर्च त्यात धरत नाहीत आणि वीजबिलही वजा होत नाही. तोटा झाला, तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही.