निवण्याची विद्या

घरातली प्लास्टिकची बादली उलटी करून पाहा. बुडाच्या मधोमध एक खरबरीत ठिपका सापडतो. वितळलेला माल साच्यात शिरला तो या दारातून. कारखान्यात त्याला ‘गेट’ म्हणतात. साचा भरायला काही सेकंद पुरतात. नंतरचा बराचसा वेळ माल निवण्याची वाट पाहण्यात जातो, आणि मालाचा बरेवाईटपणा बहुधा त्या वेळातच ठरतो.

प्लास्टिक उष्णतेचं मंदवाहक. पोलादाच्या मानाने शेकडो पटींनी मंद. त्यात वस्तूची भिंत दुप्पट जाड केली, की निवायला चौपट वेळ लागतो. म्हणून खुर्ची मजबूत करायची तर बैठक जाड करत नाहीत, खालून पातळ फासळ्या देतात. जाड भागाचा गाभा शेवटी निवतो, आकसतो आणि वरचा पृष्ठभाग आत ओढतो. त्या खळग्याला ‘सिंक मार्क’ म्हणतात. घाई करून माल लवकर बाहेर काढला, तर तो वाकडा होतो.

साच्यात माल भरणाऱ्या यंत्राचं मूळ अमेरिकेत आहे. सेल्युलॉइड दट्ट्याने साच्यात ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट हायट बंधूंनी १८७२मध्ये घेतलं. १९४६मध्ये जेम्स हेंड्री यांनी दट्ट्याच्या जागी फिरता स्क्रू आणला. दट्ट्या माल नुसता ढकलतो. स्क्रू तो ढकलतो, घुसळतो आणि घर्षणाने तापवतोही. त्यामुळे मास्टरबॅच, म्हणजे दाट रंगाचा माल, प्लास्टिकच्या दाण्यांत एकजीव होऊ लागला. मधल्या काळात, १९०७मध्ये, लिओ बेकलँड यांनी शोधलेल्या बॅकेलाइटची तऱ्हा उलटी होती. तो साच्यात तापूनच कायमचा घट्ट होतो, पुन्हा वितळत नाही. कुकरच्या मुठी आणि जुनी विजेची बटणं त्याची.

लांबच लांब माल हवा असेल, तर एक्स्ट्रुजन. सोऱ्यातून चकली पडावी तसा डायमधून पाइप अखंड बाहेर येतो. सोपी वाटणारी ही गोष्ट पीव्हीसीच्या बाबतीत नाजूक असते. या पदार्थाच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. माल बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रूभोवतीच्या तापत्या नळीत, जास्त वेळ तापत राहिला, की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि तो करपतो. म्हणून स्टॅबिलायझर घालावाच लागतो. डायमधून मऊ पाइप निघाला, की व्हॅक्यूम त्याला बाहेरच्या नळीला चिकटवून धरतो आणि पाणी निववतं. बाहेरचा व्यास तिथे पक्का होतो. जळगावचे पाइप आणि चटया देशभर जातात, त्यामागे याच प्रकारची यंत्रं आहेत.

पाण्याच्या बाटलीत साच्यात माल भरणं आणि हवेने फुगवणं अशा दोन पद्धती एकत्र येतात. नॅथॅनिएल वायेथ यांना पीईटी बाटलीचं पेटंट १९७३मध्ये मिळालं. आधी जाड भिंतीची, बोटाएवढी किंवा थोडी मोठी नळी, म्हणजे प्रीफॉर्म, साच्यात घडवतात. दाणा नीट वाळवलेला नसेल, तर वितळताना ओलावाच रेणूंच्या साखळ्या तोडतो आणि बाटली ठिसूळ होते. मग प्रीफॉर्म सुमारे १०० अंशांपर्यंत तापवून कांडीने ताणतात आणि दाबाच्या हवेने फुगवतात. ताणल्यामुळे साखळ्या रांगेत येतात. पातळ भिंतीला सोड्याचा दाब पेलण्याचं बळ मिळतं ते त्यामुळे. बाटलीच्या गळ्याचे आटे मात्र प्रीफॉर्ममध्ये होते तसेच राहतात.

पदार्थ आणि यंत्र यांच्यामधला दुवा म्हणजे वितळलेल्या मालाच्या वाहण्याचं शास्त्र. मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी असे द्रव आणि पॉलिमर यांवर संशोधन केलं आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं नेतृत्व केलं. यंत्रचालकाला याचा अनुभव रोजचा असतो. पाण्यासारखा हा माल वागत नाही. स्क्रू जोरात फिरवला, की तो पातळ होतो. वेग कमी केला, की पुन्हा घट्ट.

पुन्हा वितळवता येणं हे बॅकेलाइट सोडून वरच्या बाकी प्लास्टिकचं मोठं भांडवल. पण दर फेरीत साखळ्या थोड्या तुटतात, म्हणून ग्राइंडरमधला माल कोऱ्या दाण्यात प्रमाणातच मिसळतात. भेसळ झाली तर अडचण आणखी वाढते. पीईटी पाण्यात बुडतं, झाकणाचं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन तरंगतं. पुनर्वापर कारखान्यात दोघांची फारकत याच गुणावर होते. पण जिथे वेगवेगळे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात, त्या पाकिटांपुढे ही युक्ती चालत नाही. महाराष्ट्राने २०१८मध्ये काही एकदा-वापराच्या प्लास्टिकवर बंदी आणली, तेव्हा वाद मुख्यतः वापरणाऱ्याच्या सवयींवर झाला. पण वस्तू पुढे पाण्यात वेगळी होईल की उकिरड्यावर पडेल, हे बरंचसं तिचा आराखडा काढणाराच ठरवतो. जबाबदारीचा हिशोब त्याच्यापासून मांडायला हवा.