मनाच्या ओपीडीतले शिकाऊ डॉक्टर

मनाच्या आजारासाठी सीपीआरला जाऊन आलेल्या बायका गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास करतात. आत गेलं की मोठ्या डॉक्टरांच्या आधी एखादी कोवळी पोरगी नाहीतर पोरगा पांढरा कोट घालून बसलेला असतो. तोच सगळं खोदून विचारतो. पुढच्या महिन्यात जावं, तर त्या खुर्चीत दुसराच कोणीतरी. मग प्रश्न येतो, "आमच्यावर शिकत्यात व्हय हे?"

होय, शिकतात. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं-मुली तिथंच शिकतात. एमबीबीएसचा साडेचार वर्षांचा अभ्यास झाला की एक वर्ष इंटर्नशिप असते. त्या वर्षात प्रत्येक विभागात काही आठवडे काम करावं लागतं. २०२१ च्या देशभरासाठीच्या नियमानुसार मानसोपचार विभागातले दोन आठवडे सगळ्यांना सक्तीचे आहेत. पूर्वी इंटर्नशिपमध्ये हा विषय निवडीचा होता. ज्याला हवा त्याने घ्यावा, नको त्याने सोडावा. म्हणजे आज गावोगावी बसणाऱ्या कितीतरी जुन्या डॉक्टरांनी इंटर्न असताना या विभागात एक दिवसही काढलेला नसेल.

याचा आपल्याशी संबंध काय? चंदगडच्या टोकाच्या गावातून कोल्हापूर शंभरेक किलोमीटर पडतं. गगनबावडा, शाहूवाडीतल्या वाड्यांचीही तीच कथा, एसटी चुकली तर दिवस गेला. तिथल्या बाईला पहिल्यांदा भेटतो तो प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर. मनाचा आजार त्याच्या लक्षात आला तर आला, नाहीतर ती बाई वर्षानुवर्षं ताकदीची सलाइनं लावून घेत फिरते.

आपणही दवाखान्यात जाऊन "मन उदास आहे" असं कुठं सांगतो? आपण सांगतो, छातीत धडधडतंय, अंग दुखतंय, डोकं जड झालंय, झोप लागत नाही. रक्त तपासलं तर सगळं बरोबर निघतं. इथंच त्या दोन आठवड्यांचा उपयोग होतो. तपासणीत काही निघालं नाही तरी तिथं न थांबता पुढचं विचारायला इंटर्न शिकतो. घरात काय चाललंय? जेवण जातंय का? कामात जीव लागतो का? जगणं नकोसं वाटतं का? हा शेवटचा प्रश्न ऐकून सोबतची माणसं दचकतात. असं विचारलं तर नको ते डोक्यात शिरेल, अशी भीती वाटते. तसं होत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून बाई मोकळी होते. कधी डॉक्टर सासूला किंवा नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतात. तो अपमान समजू नका. एकटीनं बोलता यावं म्हणून ते असतं.

दारूचंही सांगायला हवं, कारण त्यात जीव जातो. रोज भरपूर पिणारा माणूस एकाएकी दारू बंद करतो. घरात आनंद होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात, तो घरच्यांनाच ओळखत नाही. मग "बाहेरचं लागलंय" म्हणून अंगारा-धुपारा सुरू होतो. हे बाहेरचं नव्हे. दारू अचानक तुटल्यानं होणारा हा आजार आहे, आणि त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं लागतं. बाळंतीण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रात्र-रात्र झोपेना, असंबद्ध बोलू लागली, बाळाबद्दल भलतेच संशय घेऊ लागली, तरी तितकीच घाई करा. तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका. वॉर्डात असे रुग्ण एकदा बघितलेला डॉक्टर पुढं गावात आला तर ते पटकन ओळखतो.

तरी आमच्या मते दोन आठवडे फार थोडे आहेत. उदासीच्या आजारावरच्या गोळ्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. गोळी सुरू होताना हजर असलेला इंटर्न तिचा गुण येताना तिथं नसतो. रडत आलेली बाई दोन महिन्यांनी हसत भाजी विकायला बसते, हे त्याला कधी दिसतच नाही. मग हे आजार बरे होतात यावर त्याचा तरी विश्वास कसा बसावा?

कायदा मात्र पुढचं बोलतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी दवाखान्यातल्या सगळ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मनाच्या आजारांच्या प्राथमिक आणि तातडीच्या उपचारांचं शिक्षण द्यायला त्यानं सरकारला सांगितलंय. रुग्णाला साखळीनं बांधायला त्याच कायद्यानं बंदी आहे. आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचं हे प्रशिक्षण झालंय का, हे ग्रामसभेत विचारता येतं. ग्रामसभेत रस्ते-गटाराचं विचारतोच की आपण.

आता ओपीडीला जाताना काय करायचं ते. डॉक्टर बदलत राहणार, म्हणून केसपेपर जपून ठेवा आणि संपलेल्या गोळ्यांची पाकिटंही सोबत न्या. नवा इंटर्न पुन्हा पहिल्यापासून विचारेल. कंटाळा येतो, पण सांगा. कधी कधी तिसऱ्यांदा सांगताना राहून गेलेली गोष्ट निघते. एखादी गोष्ट सगळ्यांसमोर बोलायची नसेल तर "शिकणारे थोडे बाहेर थांबतील का?" असं मोठ्या डॉक्टरांना विचारा, तो तुमचा हक्क आहे. बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला, कोणाशी बोलावं कळेना, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आशाताईंच्या नंबरखाली तोही भिंतीवर लिहून ठेवा.