अक्षर तेच, वाचन वेगळे

उर्दू शायर ज्याला जिगर म्हणतात ते म्हणजे यकृत. मराठीत आपण काळीज म्हणतो आणि हात मात्र छातीवर ठेवतो. मीही कवितेत हे काळीज पुष्कळ वापरले. ते उजव्या बरगडीखाली असते हे थोरल्या भावाच्या पोटात पाणी झाले तेव्हा नीट कळले. भाईजान यकृताच्या कर्करोगाने गेले. दारूला कधी शिवले नव्हते. रक्तात ‘हिपॅटायटिस बी’चा विषाणू निघाला, तो कधी शिरला कुणालाच ठाऊक नव्हते.

कुरकुंभला औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आहेत. माझा भाचा तिथे प्रयोगशाळेत असतो. फिरंगाईच्या देवळाजवळून जाताना त्याने मला एक शब्द सांगितला, मेथिलीकरण. मी पडलो बी.ए. माणूस. म्हटले, बेटा, मला कळेल असे सांग. तो म्हणाला, ‘‘मामू, कुराण शिकताना ओळीवर बारीक खुणा असायच्या ना, इथे थांबा, इथे थांबू नका? शब्द बदलत नाही, वाचणे बदलते. तसेच हे.’’

मंडळी, पेशीत डीएनएची मूळ पोथी असते. कामापुरती तिची नक्कल काढतात, ती आरएनए. नकलेतल्या ‘ए’ या अक्षरावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा ठिपका चिकटतो, तो मेथिल. ठिपका देणारे विकर मेट्टल-३, जोडीला मेट्टल-१४. पुसणारी विकरे वेगळी आणि ठिपका वाचणारी प्रथिने आणखी वेगळी. नक्कल किती टिकवायची, किती वापरायची, हे त्या ठिपक्यांवरून ठरते. गंमत अशी, की १९७४ साली अमेरिकेत हा ठिपका सापडला तो उंदराच्या यकृताच्या कर्करोगाच्याच पेशींत! पण तो पुसलाही जातो हे २०११ मध्ये कळले, आणि मग संशोधकांची झुंबड उडाली.

हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले, की यकृताच्या गाठीत मेट्टल-३ फार वाढलेले असते. वाढीला लगाम घालणारे एक जनुक आहे, सॉक्स-२. त्याच्या नकलेवर ठिपके पडतात, वाचणारे प्रथिन ते पाहून नक्कल नष्ट करवते, आणि लगाम सुटतो. उंदरांमध्ये मेट्टल-३ काढून टाकले तेव्हा गाठींचा जोर ओसरला. मात्र जोडीदार मेट्टल-१४ यकृताच्या गाठीत कमी झालेले असते, आणि ते कमी झाले की रोग पसरतो, असे २०१७ च्या एका अभ्यासात दिसले होते. एकाच लेखणीची दोन बोटे, आणि अशी उलटी! म्हणून एक विकर बंद केले की काम झाले, असे कुणी सांगू लागला तर माझा विश्वास बसत नाही. मेट्टल-३ रोखणाऱ्या औषधाच्या माणसांवरील चाचण्या २०२२ मध्ये सुरू झाल्या. यकृताच्या रुग्णाला चिठ्ठीवर लिहून देण्याजोगे त्यातले अजून काही नाही.

भाईजान गेल्यावर भाच्याने घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासून घेतले. त्याला मुलगी झाली तेव्हा चोवीस तासांच्या आत तिला हिपॅटायटिस बीची लस टोचली. दवाखान्याच्या बाकावर बसून मी कार्डावरची ती तारीख दोनदा वाचली.