परत येणारी मोरपंखी साडी

सुरतच्या उधना स्टेशनाबाहेर अहिराणी कानावर पडली तर नवल वाटायला नको. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातली माणसं इथल्या यंत्रमागांवर पोटासाठी आली आणि इथलीच झाली. आता सुरतची साडी मोबाइलवरूनही विकली जाते. धंद्याचं गणित मात्र किती साड्या गेल्या यावर नाही, किती परत आल्या यावर ठरतं. परतीच्या साडीची घडी मोडलेली असते, इस्त्री पुन्हा, पॅकिंग पुन्हा. तोवर सण उलटून गेलेला.

रिंग रोडच्या मार्केटात व्यापारी कापड बोटांत चुरगाळतो, उजेडात धरतो, मग भाव बोलतो. ऑनलाइन गिऱ्हाइकाकडे फक्त फोटो. मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला मालही स्वस्तातच मागितला जातो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडलं. पुढे 2001मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फ्लिपकार्टने 2010मध्ये ‘माल हातात, मग पैसे’ सुरू केलं तेव्हा हाच अविश्वास विक्रेत्याच्या डोक्यावर आला.

आणि फोटो तरी खरा कुठे असतो? बहुतेक पडदे ज्या एसआरजीबी मापात रंग दाखवतात, त्यात गडद फिरोजी, मोरपंखी छटा पुरत्या मावतच नाहीत. पडदा जवळचा रंग दाखवून मोकळा होतो. शिवाय एका उजेडात सारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. त्यामुळे दुकानातल्या एलईडीखाली पदराशी जुळलेला ब्लाउज पीस अंगणातल्या उन्हात फटकून दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, फसवलं. फसवलेलं कुणीच नसतं.

मग उपाय कुठे शोधायचा? डेलोन आणि मॅक्लीन या संशोधकांनी माहिती-यंत्रणांच्या यशाची मांडणी 1992मध्ये केली, 2003मध्ये सुधारली. त्यात यंत्रणेचा, माहितीचा आणि सेवेचा दर्जा असे तीन पाये आहेत. ॲप बनवणारी कंपनी पहिला सांभाळते, सेवेचाही बराच भाग तिच्याच हाती. माहिती मात्र विक्रेत्याची, आणि माझ्या मते जाहिरातीचे पैसे आधी तिथे लागावेत. 6500 केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या प्रकाशाशी जुळणाऱ्या दिव्याखाली फोटो. ब्लाउज पीस वेगळा उलगडून. साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउज पीस 80 सेंटिमीटर असेल तर तसंच स्पष्ट. आणि कापड पॉलिएस्टर असेल तर ‘सिल्क’ नव्हे, पॉलिएस्टरच लिहायचं.