नाडीसारखी उडणारी गाठ : चिरा देण्याआधी डॉपलर हवा

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील शिरूर कासार परिसरातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. फडात हाता-पायाला कोयता लागणे त्यांना नवे नाही. जखमेला टाके पडतात, वरची कातडी भरून येते. परंतु आतील धमनीला पडलेले छिद्र तसेच राहिले, तर काही दिवसांनी वा आठवड्यांनी त्या जागी गाठ वर येते. शहरातील रुग्णाला हीच व्याधी निराळ्या वाटेने गाठते. जांघेतील धमनीतून अँजिओग्राफी वा अँजिओप्लास्टी केल्यानंतर सुईचे छिद्र नीट मिटले नाही, की तेथेही अशीच गाठ होते.

या गाठीला वैद्यकात ‘स्यूडोअॅन्युरिझम’, म्हणजे धमनीचा आभासी फुगवटा, म्हणतात. खऱ्या फुगवट्यात धमनीची भिंतच तिन्ही थरांसह फुगते. आभासी फुगवट्यात मात्र छिद्रातून बाहेर पडलेले रक्त भोवतालच्या ऊतींमध्ये कोंडले जाते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर आत-बाहेर करत राहते. म्हणूनच ही गाठ नाडीसारखी उडते.

खरा धोका येथेच आहे. लाल, दुखरी गाठ पाहून ती गळू समजली गेली आणि तिला चिरा दिला गेला, तर होणारा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. म्हणून जुन्या जखमेच्या वा सुईच्या जागी आलेली गाठ कापण्यापूर्वी कलर डॉपलर सोनोग्राफी करणे आवश्यक ठरते. या वेदनारहित तपासणीत गाठीतील रक्ताचे येणे-जाणे पडद्यावर स्पष्ट दिसते.

पूर्वी अशा गाठीवर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होता. आता बहुतेक रुग्णांना मोठा छेद टाळता येतो. सुईच्या छिद्रामुळे झालेली दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ अनेकदा आपोआप बंद होते. तोवर डॉपलरने लक्ष ठेवले जाते. १९९१ च्या सुमारास सोनोग्राफीच्या यंत्रानेच गाठीची मान दाबून धरण्याची पद्धत पुढे आली. पण ती वेळखाऊ व वेदनादायक आहे. त्यामुळे आज थ्रॉम्बिनच्या इंजेक्शनला अधिक पसंती मिळते. रक्त गोठवणारे हे द्रव्य सोनोग्राफीत पाहत बारीक सुईने गाठीत सोडले, की आतील रक्त बहुधा काही सेकंदांतच गोठते. जांघेतील गाठीत या उपायाला नव्वद टक्क्यांहून अधिक यश मिळते.

गाठीची मान रुंद असेल, तर थ्रॉम्बिन मुख्य धमनीत शिरून अवयवाचा रक्तपुरवठा तोडण्याची भीती असते. अशा वेळी, तसेच स्वादुपिंडाच्या दाहामुळे पोटातील धमनीला असा फुगवटा आल्यास, धमनीतून बारीक नळी नेऊन धातूच्या कॉइल्सनी गाठीची वाट बुजवतात, किंवा आच्छादित स्टेंट बसवून छिद्र आतून झाकतात. गाठ फुटली, झपाट्याने वाढली, तिच्यात जंतुसंसर्ग झाला, किंवा तिच्या दाबाने कातडी वा मज्जातंतू धोक्यात आले, तर मात्र शस्त्रक्रियेला पर्याय उरत नाही.

नळीद्वारे होणारे हे उपचार प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांत मिळतात. संशय मात्र गावातल्या दवाखान्यातच यायला हवा. गाठीवर हलका हात ठेवून ठोका जाणवतो का, एवढे पाहण्यास यंत्र लागत नाही. मात्र ठोका लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. अशी गाठ चोळू नये, शेकू नये वा फोडू नये. रक्त वाहू लागल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे व रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. जुनी जखम वा झालेली अँजिओग्राफी डॉक्टरांना न विसरता सांगावी. चुकीचा चिरा टळण्यास तेवढी माहितीही पुरेशी ठरू शकते.